रूपेलीच्या खांबावरचे फ्यूज

वास्डालमध्ये वीज गेली की माणूस आधी खिडकीशी जाऊन शेजाऱ्याच्या घराकडे बघतो. तिथेही अंधार दिसला की त्याला जरा बरं वाटतं आणि मग तो मेणबत्ती शोधायला लागतो. शेजाऱ्याला फोन मात्र कोणी करत नाही. उगीच कोणाला आपला त्रास नको, हा आमच्या खोऱ्यातला सगळ्यात मोठा धर्म. चर्चमध्ये रविवारी सात डोकी असतात, पण हा धर्म पाळायला अख्खं खोरं हजर असतं. हाल्वोर नेस्ये त्या धर्माचा कट्टर माणूस.

खोऱ्याच्या वीज संस्थेत त्याची अडतीस वर्षं झाली होती. काम रिलेंचं. उपकेंद्रात प्रत्येक लाइनच्या तोंडाशी एक ब्रेकर असतो, आणि त्या ब्रेकरला ‘तोड’ म्हणून सांगणारी एक पेटी असते. ती रिले. तारेवर फांदी पडली, वाऱ्याने तारेला तार लागली, की विजेचा लोंढा येतो. किती मोठा लोंढा आला की तोडायचं आणि तोडण्याआधी किती वेळ दम धरायचा, हे त्या पेटीत आधीच ठरवून ठेवावं लागतं. पुढे खांबांवर फ्यूज असतात, त्यांच्याशी मेळ घालावा लागतो. सगळेच एकदम तुटले तर एका फांदीपायी सगळं खोरं अंधारात जातं, आणि कोणीच वेळेवर तुटलं नाही तर तारा वितळतात. हाल्वोर हा मेळ पारदर्शक कागदांवर घालायचा. एकेका फ्यूजची, एकेका रिलेची वक्ररेषा पेन्सिलीने काढायची, कागदावर कागद ठेवून ते खिडकीच्या काचेवर धरायचे आणि रेषा कुठे एकमेकींना छेदत नाहीत ना, ते बघायचं. हिवाळ्यात इथे खिडकीत उजेड असतो जेमतेम चार तास, म्हणून त्याची महत्त्वाची कामं नेहमी जेवणाच्या सुट्टीच्या आसपास व्हायची. लोक म्हणायचे, हाल्वोर बोलत नाही, तो काचेला कागद लावतो.

ते तसं खरंच होतं. बायको सुनिवा गेल्याला अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. शुक्रवारी ऑफिसात वाफल्स होत, तेव्हा तो दोन खायचा, तपकिरी चीज लावून, आणि सोमवारपर्यंत त्याचं कोणाशी बोलणं व्हायचं नाही. दुकानातल्या मुलीला ‘पिशवी नको’ म्हणायचा तेवढंच.

त्या वर्षी जूनमध्ये तो निवृत्त व्हायचा होता, आणि जानेवारीत संस्थेने प्रोग्रॅम आणला. तो चालवायला तिरिल आली. तिशीतली इंजिनिअर, दोन मुलांची आई, तोंडाची फटकळ आणि मनाची साफ. प्रोग्रॅमचं काम असं, की खोऱ्यातल्या एकशे त्रेचाळीस रिलेंची सेटिंग्ज तारेवरून वाचायची, सगळ्या जाळ्याचा हिशेब स्वतः मांडायचा आणि कुठली रिले कशी हवी ते सांगायचं. ‘होय’ म्हटलं की तो ते आकडे स्वतःच रिलेत भरूनही टाकायचा. हाल्वोरची पाच आठवड्यांची कामं तो कॉफी निवायच्या आत करायचा.

“म्हणजे आता उंटावरून शेळ्या हाकायच्या,” हाल्वोर म्हणाला होता.

“हाकू की,” तिरिल म्हणाली. “तू अडतीस वर्षं शेळ्यांच्या मागे बर्फातून चाललास, म्हणून त्या जास्त दूध देत होत्या का?”

त्याला हसू आलं होतं. ती त्याला आवडायची. तिच्या आधी कित्येक वर्षांत त्याची कोणी चेष्टा केली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी प्रोग्रॅमने पहिली यादी दिली. एकशे त्रेचाळीसपैकी एकशे बत्तीस रिले अगदी त्याच्या हिशेबाप्रमाणे निघाल्या. व्यवस्थापक स्टाइनार खुर्चीतून उठून उभाच राहिला. “हातानं केलेलं हे? पेन्सिलीनं? अरे, तुला भिंतीवर टांगायला पाहिजे.”

“आधी निवृत्त तर होऊ दे,” हाल्वोर म्हणाला.

उरल्या अकरा. त्यांतल्या दहांची कारणं त्याने तिथल्या तिथे सांगितली. कुठे तार बदलली होती, कुठे लाकूड गिरणी बंद पडली होती. तिरिल लिहून घेत गेली. अकरावी आली तेव्हा त्याने कॉफीचा मग उचलला आणि त्यात कॉफी नाही हे बघून परत ठेवला.

“वास्डाल उपकेंद्र, लाइन चार,” तिरिलने वाचलं. “पहिला झटका पाच शतांश सेकंदात तोडायला हवा. आहे पासष्ट शतांश. सोळा वर्षांपूर्वी बदललंय, सही तुझी. कारणाची जागा रिकामी.”

“बघून सांगतो.”

“आत्ता आठवत नाही?”

“सोळा वर्षं झाली, तिरिल.”

तिने बाकीच्या दहांची तारखेवार कारणं नुकतीच ऐकली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि वहीत ती जागा रिकामी ठेवली. चोराच्या मनात चांदणं. हाल्वोरला वाटलं, खोलीतल्या सगळ्यांना कळलं. तसं कोणालाच काही कळलं नव्हतं. स्टाइनार तर टांगायचा फोटो कुठला घ्यावा याचा विचार करत होता.

त्याला काय आठवत नव्हतं? सगळं आठवत होतं.

सुनिवाला स्नायूंचा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात. सोळा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात छातीने दगा द्यायला सुरुवात केली, तेव्हा श्वासाचं मशीन घरी आलं. पंचायतीची नर्स गुड्नी ते लावून द्यायला आली होती. ती म्हणाली, “आत बॅटरी आहे, चार तास चालते. दिवे मिचकावले तर मशीनला पत्ताही लागणार नाही. तू निर्धास्त रहा.” हाल्वोरने मान हलवली. पण बॅटऱ्यांवर भरवसा ठेवणं हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. बावीस उपकेंद्रांतल्या बॅटऱ्या त्याने पाहिल्या होत्या. वर्षभर चांगल्या असतात आणि नेमक्या नको त्या दिवशी दगा देतात.

पहिल्याच आठवड्यात दिवे मिचकावले. त्यांचं घर लाइन चारवर. त्याच लाइनला पुढे रूपेलीचा फाटा फुटतो, वर डोंगरात, जिथे शहरातल्या लोकांची सुट्टीची लाकडी घरं आहेत. त्या फाट्यावर बर्चची झाडं दाट, कुठली ना कुठली फांदी तारेवर यायची. मग उपकेंद्रातली रिले झटक्यात ब्रेकर तोडायची, अर्ध्या सेकंदाने परत जोडायची. तोवर फांदी खाली पडलेली असे. झालं, संपलं. सबंध लाइनवर दिवे एकदा मिचकावत, एवढंच. त्या संध्याकाळी तेच झालं. मशीन बॅटरीवर गेलं आणि परत आलं, श्वास एकही चुकला नाही. पण गजर किंचाळला, आणि सुनिवाने डोळे मोठे करून हाल्वोरकडे बघितलं. हात उचलता येत नव्हता, म्हणून नुसतं बघितलं.

ते बघणं त्याला सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उपकेंद्रात गेला आणि लाइन चारच्या रिलेला साठ शतांश सेकंद जास्तीचे दिले. आता रूपेलीत फांदी पडली की रिले दम धरायची आणि त्याआधी फाट्याच्या खांबावरचा फ्यूज वितळायचा. अंधार रूपेलीपुरता. घरचा दिवा मिचकावतसुद्धा नव्हता. नियमात बसत होतं, तारांना धोका नव्हता, कोणाचं काही बिघडत नव्हतं. कारणाच्या जागी काय लिहायचं? ‘माझी बायको’ असं कोणी लिहितं का? त्याने ती जागा रिकामी सोडली.

तेव्हा ऑफिसात सांगितलं असतं तर? स्टाइनारने दुसऱ्या दिवशी जनरेटर आणून दारात उभा केला असता. पंचायतीने दुसरी बॅटरी दिली असती. पण सांगायचं म्हणजे मागायचं, आणि मागायचं म्हणजे त्रास द्यायचा. सुनिवा मशीनवर आहे हेसुद्धा ऑफिसात धड कोणाला माहीत नव्हतं. ‘बायकोला बरं नसतं’ एवढंच माहीत होतं. आमच्याकडे असंच असतं. माणूस मरायला टेकलं तरी ‘तसं ठीक चाललंय’ म्हणतात.

फक्त एक झालं. ब्रेकर आपला आपण परत जोडला जातो. वितळलेला फ्यूज जोडला जात नाही. कोणीतरी वर जाऊन, लांब काठीने, खांबावर नवा चढवावा लागतो. फ्यूज वितळतो तो आपल्यामुळे, तर दुसऱ्याला कशाला पाठवायचं, म्हणून रूपेलीचा फोन आला की हाल्वोर म्हणायचा, मी जातो. गुड्नीला किंवा खालच्या घरातल्या बाईला बसवायचं, बूट चढवायचे, आणि निघायचं. गाडीने सडक संपेपर्यंत, पुढे बर्फावरच्या स्कूटरने. जाऊन येऊन साडेतीन तास.

ऑफिसात चेष्टा सुरू झाली. “हाल्वोर, रूपेलीच्या खांबावर तुझी कोणी आहे का रे?” सुनिवालाही ते कळलं होतं. तेव्हा अजून मास्क काढून थोडं बोलता यायचं. ती म्हणायची, “त्या खांबाशीच लग्न करायचं होतंस. फ्यूज बदलला की उजेड तरी पडला असता.” एकदा ईस्टरच्या आधीच्या बुधवारी, बाहेर वारा सुटलेला, त्याने बूट हातात घेतले तेव्हा ती म्हणाली, “आज नको ना जाऊस.”

“शंभर घरं अंधारात आहेत गं. पोरंबाळं आलीयेत शहरातून.”

“लावू देत की जरा मेणबत्त्या. तेवढ्यासाठीच तर येतात इथं.”

तो गेला. परत आला तेव्हा ती झोपली होती.

साडेचार वर्षं असं चाललं. पाचव्या वर्षी एका शांत, वारा नसलेल्या दुपारी सुनिवा गेली, तो घरातच होता. त्यानंतर त्याने ते सेटिंग परत फिरवलं नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिच्या औषधांच्या बाटल्या त्याने टाकल्या, कपडे दिले, पलंग पंचायतीने नेला. पण अकरा वर्षं तो एका गोष्टीवर उभा होता, की बाकी काही आपल्या हातात नव्हतं, पण एकदा जे झालं ते आपण परत होऊ दिलं नाही. ते साठ शतांश सेकंद आपण तिला दिले. हे कोणाला माहीत नव्हतं म्हणून ते जास्तच त्याचं होतं.

आणि आता प्रोग्रॅम विचारत होता, कारण काय.

एक आठवडा त्याने टाळलं. पुढच्या मंगळवारी, खिडकीत उजेड असताना, तो स्वतःच तिरिलच्या टेबलाशी गेला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “लाइन चार. ते चुकून नव्हतं.”

आणि सांगितलं. फारच थोडक्यात. सांगायला त्याला चार मिनिटंही लागली नसतील. अडतीस वर्षांत त्या इमारतीत कोणी त्याच्या तोंडून एवढं सलग ऐकलं नव्हतं. बोलताना तो तिच्याकडे न बघता कीबोर्डकडे बघत होता. ते झाल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. त्याची इच्छा होती की निदान एका माणसाने म्हणावं, बरं केलंस.

तिरिलचे डोळे भरले होते. पण तिचा हात हळूच पुढे गेला आणि तिने स्क्रीन थोडी आपल्याकडे वळवली.

“काय आहे त्यावर?” हाल्वोरने विचारलं.

“काही नाही रे. दुसरं काम.”

“लाइन चार लिहिलंय वरती. मला दिसलं.”

“हाल्वोर, ऐक ना. मला काही माहीत नव्हतं. तू कारण देत नव्हतास, म्हणून मी काल जुन्या नोंदी काढून चालवून बघितलं. मला आधी कळलं असतं तर मी हात लावला नसता.”

“वळव इकडे.”

“नको.”

“तिरिल, मी हेच काम करतो. तू नाही दाखवलंस तर घरी जाऊन कागद काढीन. वळव.”

तिने वळवली.

प्रोग्रॅमला जुनं वादळ परत घडवून बघता येतं. रिलेच्या स्मरणात नोंदलेला लोंढा घ्यायचा, सेटिंग बदलायचं आणि तेव्हा काय झालं असतं ते विचारायचं. त्याच्या जोडीला तिरिलने कामाचे जुने अहवाल लावले होते. सोळा वर्षांत रूपेलीचे फ्यूज गेले अठ्ठावन्न वेळा. हाल्वोरने बोट लावून पहिली साडेचार वर्षं मोजली. सव्वीस. सव्वीसही अहवाल त्याच्याच हस्ताक्षरातले. चारांमध्ये झाड तारेवर आडवं पडलेलं, तिथे कोणालाही जावंच लागलं असतं. उरलेल्या बाविसांमध्ये एकच ओळ होती: ‘काही सापडले नाही. नवा फ्यूज घातला.’ आणि त्या प्रत्येकासमोर प्रोग्रॅमने लिहिलं होतं, की पाच शतांशाच्या सेटिंगवर फ्यूज वाचला असता, अर्ध्या सेकंदात वीज परत आली असती, माणूस पाठवायची गरज नव्हती.

बावीस गुणिले साडेतीन. त्याला कागद लागला नाही.

“सत्याहत्तर तास,” तो म्हणाला.

“असं मोजू नकोस.”

“तिच्या मशीनला चार तासांची बॅटरी होती. गुड्नीने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. अर्ध्या सेकंदासाठी मी साडेतीन तास घराबाहेर असायचो. बावीस वेळा.”

“पण गजर वाजला नाही ना? तिला दचकावं लागलं नाही. ते नाही का मोजायचं?”

“मी शेजारी असतो तर तिने दचकायचं कारण काय होतं?”

तिरिलने त्याची समजूत घालायला काही शोधलं नाही. त्याबद्दल तिचे आभार मानायला हवेत. दुसऱ्या कोणी काहीतरी गोड बोलून दिलं असतं. तिने नुसता त्याच्या दंडावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी बर्फ ओढत होतं.

“कारण लिहावं लागेल,” शेवटी ती म्हणाली. “त्याशिवाय प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. ‘जुने सेटिंग’ टाकते. कोणी विचारणार नाही.”

“नको. भीती लिही.”

“भीती?”

“तेच होतं ते. रिलेचं गणित बरोबर होतं, मेळ बरोबर होता. मी घाबरलो होतो आणि कोणाला सांगितलं नाही. एवढं नाही मावणार त्या चौकटीत, म्हणून भीती लिही.”

तिने लिहिलं. मग त्याच्याकडे पाहून ‘होय’ दाबलं. उपकेंद्र तिथून अठरा किलोमीटर लांब. दोन सेकंदांत तिकडच्या रिलेने कळवलं, पाच शतांश, स्वीकारलं. स्टाइनार दारातून डोकावून म्हणाला, “झाली का अकरावी? मग केक मागवतो शुक्रवारी.” हाल्वोर म्हणाला, माझ्यासाठी मुद्दाम काही नको, आणि आपला डबा घेऊन जेवायला गेला.

त्या दिवशी घरी जाताना त्याने गाडी बोटीच्या धक्क्याशी थांबवली आणि इंजिन चालू ठेवून बसला. सत्याहत्तर तास म्हणजे तीन दिवस आणि वर पाच तास. त्या तीन दिवसांत त्या दोघांनी काय केलं असतं? काहीच नाही. तिने टीव्हीवर बर्फातल्या शर्यती बघितल्या असत्या. त्याने तिच्यासाठी संत्रं सोलून रस काढला असता, तिच्या ओठांवर मलम लावलं असतं, मग खुर्चीत बसल्या बसल्या पेंगला असता आणि ती त्याच्या घोरण्याला हसली असती. जगात कोणालाही न लागणारे तीन दिवस. ते आता त्याला इतके हवे होते, की स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो मोठ्याने रडला. धक्क्यावर बोट लागली, चार गाड्या उतरल्या. शेवटच्या गाडीतल्या माणसाने त्याला पाहिलं आणि त्याला त्रास नको म्हणून दुसरीकडे बघितलं.

ईस्टर त्या साली एप्रिलात आला. बुधवारी दुपारपासून वारा सुटला. डोंगराकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग त्याच्या खिडकीखालून गेली, टपांवर स्की बांधलेल्या. चारच्या सुमारास दिवा मिचकावला. रेडिओ अर्ध्या शब्दावर तुटला आणि पुढच्या शब्दावर सुरू झाला. हाल्वोर खिडकीशी गेला. वर रूपेलीच्या उतारावर सगळी घरं उजळलेली होती, एकही गेलं नव्हतं. फांदी कुठेतरी बर्फात पडली असणार. ब्रेकरने आपलं काम केलं होतं, नवीन आकड्यावर, पहिल्यांदाच.

तरी तो टेबलावरच्या फोनकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. फोन आला नाही, येणारही नव्हता. मग त्याने खुर्ची ओढली, जिथे पूर्वी पलंग असायचा त्या भिंतीजवळ, आणि बसला. बाहेर वारा वाढत होता. आता घरी थांबायला काहीच हरकत नव्हती.